क्लेमेन्स दाजींचा उजवा पाय

माझ्या दाजींचा उजवा पाय हा साउथ बेंड गावातला सगळ्यात प्रामाणिक पाय होता. हसू नका. लोक गवयाच्या गळ्याचं कौतुक करतात, आचाऱ्याच्या हाताचं करतात, मग मी पायाचं केलं तर काय बिघडलं? मी लुडविक, स्टुडबेकर मोटारींच्या कारखान्यात सीटची कव्हरं शिवायला होतो. क्लेमेन्स गापिन्स्की हे माझ्या थोरल्या बहिणीचे, गेनियाताईचे यजमान. बहिणीचा नवरा म्हणून आरती ओवाळतोय असं कुणाला वाटेल, तर आधीच सांगून टाकतो, या माणसानं मला माझ्याच लग्नाला उशिरा पोचवलं होतं. तो राग अजून पोटात आहे. तरी सांगतोय, यावरून काय ते समजा.

आमच्या गावात 'कंपनी' म्हटलं की एकच. माझे आजोबा पोलंडहून अमेरिकेला आले ते बोटीवरनं उतरून थेट कारखान्यात. तेव्हा तिथं घोड्याच्या गाड्या बनायच्या आणि आजोबा त्यांची चाकं रंगवायचे. मुळात ही लोहारांची कंपनी. पाच भाऊ. दोघांनी अठराशे बावन्न साली भट्टी पेटवली. एक भाऊ सोनं शोधायला कॅलिफोर्नियाला गेला आणि तिथं जाऊन केलं काय, तर सोनं खणणाऱ्यांना माती वाहायच्या हातगाड्या करून विकल्या. बाकीचे खणत बसले, हा पैसे घेऊन घरी आला आणि धंद्यात घातले. आमच्याकडे पोराला अक्कल शिकवायची असली की हीच गोष्ट सांगतात. पुढं घोडे गेले, मोटारी आल्या, मंदीत कंपनी बुडता बुडता वाचली, लढाईत लष्कराचे ट्रक केले, आणि आम्ही बाप, लेक, काका, मेव्हणे सगळे त्याच फाटकातून आत-बाहेर करत राहिलो.

दाजी एकोणिसाव्या वर्षी लागले. छत्तीस साली कंपनीनं गाड्यांना एक नवी करामत बसवायला सुरुवात केली. हिल होल्डर. चढावर गाडी थांबवायची, क्लच दाबून ठेवायचा आणि ब्रेकवरचा पाय चक्क उचलायचा. गाडी मागं जात नाही. ब्रेकच्या नळीत एक गोळी असते, ती चढावर घरंगळून तेल अडवते आणि ब्रेक धरलेलाच राहतो. क्लच सोडला की सुटतो. बस, एवढंच. पण दुसऱ्या कंपनीची गाडी चालवणारा चढावर ब्रेक, क्लच, अ‍ॅक्सिलरेटर असं तीन ठिकाणी दोन पायांनी नाचत असायचा, तेव्हा आमचा माणूस आरामात नाक खाजवत बसायचा.

त्या होल्डरची तपासणी दाजींकडे आली. लाइनच्या शेवटी एक चढ बांधला होता. होल्डर लावलेली गाडी आली की दाजी चढावर न्यायचे, अर्ध्यात थांबवायचे, क्लच दाबायचे, उजवा पाय उचलून हवेत धरायचे आणि पाचपर्यंत मोजायचे. मग पुन्हा. मग पुन्हा. नियम तीनदाचा. सत्तावीस वर्षं हेच. किती गाड्या झाल्या असतील देव जाणे. बाकीच्यांना ते काम कंटाळवाणं वाटायचं. दाजी म्हणायचे, "अरे, विश्वास ठेवायचा पगार मिळतो मला. आणखी कुणाला मिळतो का?"

आता माझ्या लग्नाचं ऐका. सत्तेचाळीसचा जून. कंपनीनं लढाईनंतरची नवी दोन दारांची कूपे काढली होती, मागची काच इतकी मोठी की लोक विचारायचे, "ही येतेय का जातेय?" मी एक राखून ठेवली होती आणि लग्नाच्या सकाळीच तिचा ताबा मिळणार होता. मी काळा सूट घालून, छातीला फूल लावून चढाच्या खाली उभा. दहाला चर्च. पावणेदहा वाजले. दाजींनी दोनदा गाडी चढावर उभी केली. दोन्ही वेळा खिळल्यासारखी उभी राहिली.

"दाजी, झालं की! द्या किल्ली!"

"तीनदा."

"अहो, तिकडं पोरगी थांबलीय चर्चमध्ये!"

"पोरगी थांबेल रे. गाडी थांबते का ते बघतोय."

आणि खाली आणून, शांतपणे, तिसऱ्यांदा वर. पाचपर्यंत मोजणं तर असं, की मधे माणसाची दाढी वाढावी. चर्चमध्ये पोचलो तेव्हा पाद्रीबुवांचा चेहरा आंबट आणि सासऱ्यांचा त्याहून आंबट. बायको आजतागायत ऐकवते. पण ती गाडी आम्ही चौदा वर्षं वापरली आणि एकाही चढावर ती एक बोटभर मागं सरकली नाही, हेही तीच सांगते.

दाजींना गावात मान होता तो असा. रविवारी प्रार्थना संपली की बाहेर लोक त्यांना घेरायचे. कुणाचा क्लच जड, कुणाचा आवाज येतोय. दाजी खाली वाकून ऐकायचे. एकदा वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातल्या एका सुईणीचं पत्र आलं होतं, ते फोरमननं फळ्यावर लावलं. बाईनं लिहिलं होतं, आमच्याकडे सपाट रस्ता फक्त नकाशात असतो, गाई रस्त्यात आल्या की मी चढावरच थांबते, पिशवीतून सँडविच काढून खाते, आणि मग बाळंतपणाला जाते. दाजींनी ते पत्र तीनदा वाचलं. सवयच ती. म्हणाले, "बाईला सँडविच खाता आलं. चांगलं झालं."

गावाबाहेर कंपनीचं चाचणीचं मैदान होतं, तिथं हजारो पाइनची झाडं अशी लावली होती की आकाशातून बघितलं तर कंपनीचं नाव वाचता यावं. आमच्यापैकी विमानात कुणी कधी बसलं नव्हतं. पण नाव तिथं आहे एवढं माहीत होतं आणि तेवढ्यानं आमची छाती फुगायची. आमच्या गल्लीत दुसऱ्या कंपनीची गाडी घेणं म्हणजे बायकोला सोडून पळण्यासारखं मानत. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे गाड्यांच्या बाबतीत आम्ही शंभर टक्के पाळलं. दाजींनी तर बाहेरची गाडी चालवणं सोडा, तिच्यात चालकाच्या जागेवर बसूनही पाहिलं नव्हतं. हे ध्यानात ठेवा, कारण घोटाळा तिथंच झाला.

त्रेसष्टच्या डिसेंबरात कंपनीनं इथला कारखाना बंद केला. नाताळाच्या तोंडावर. त्यावर मी जास्त बोलणार नाही, बोललो तर शिव्या येतील. साठी उलटलेल्यांना पेन्शन मिळालं. दाजी चोपन्न वर्षांचे होते. त्यांच्या हातात जे आलं त्याला पेन्शन म्हणणं म्हणजे सुपाच्या वाफेला जेवण म्हणणं. मी पन्नाशीच्या आत होतो, मी पडदे शिवायला लागलो. पण ब्रेकवरचा पाय उचलणाऱ्या माणसाला कोण काम देणार? चार महिने दाजी सकाळी डबा भरून घ्यायचे, टोपी घालायचे आणि गावभर हिंडून यायचे. प्रत्येक ठिकाणी एकच, "वय काय तुमचं?" गेनियाताई एका बेकरीत खसखशीचे रोल लाटायला जाऊ लागली. दाजींना ते फार लागलं. ताईचे पिठाचे हात दिसले की उठून अंगणात जायचे.

एप्रिलमध्ये एक काम दिसलं. रेल्वे यार्डाशेजारी एक वाहतूक कंपनी होती. दुसऱ्या एका मोटार कंपनीच्या नव्या गाड्या ट्रेलरवर चढवून गावोगावच्या दुकानांत पोचवायचं तिचं काम. त्यांना ट्रेलरवर गाड्या चढवणारा माणूस हवा होता. पगार बरा, युनियन होती, दहा वर्षं केलं तर म्हातारपणाची सोय. यार्डाचा मुख्य डेस्मेट नावाचा बेल्जियन. चाळिशीचा, तोंडानं फटकळ. त्यानं वय विचारलं नाही, एवढंच विचारलं, "चढावर गाडी नेलीय का कधी?"

दाजींना हसूच आलं म्हणे. "थोडीफार," म्हणाले.

एक दिवस कामावर घेऊन बघायचं ठरलं. दाजी आपली गाडी, आमच्याच कंपनीची लार्क, घेऊन गेले. यार्डात सगळ्या त्या दुसऱ्या कंपनीच्या गाड्या उभ्या, त्यात ही एकटी. एक जण ओरडला, "ए आजोबा, अनाथाला कुठं घेऊन आलात?"

"अनाथ नाही रे बाबा," दाजी म्हणाले, "हिची सगळी भावंडं रस्त्यावर आहेत. बघ, तुला ओव्हरटेक करून जातील."

लोक हसले. पहिल्या दोन गाड्या दाजींनी सरळ वर नेल्या. तिसरीच्या वेळी ट्रेलरला लावलेल्या तिरक्या फळ्यांवर अर्ध्यात असताना वरच्या माणसानं हात केला, थांबा, पुढची गाडी सरकवतोय. दाजी थांबले. क्लच दाबला. आणि उजवा पाय उचलला. सत्तावीस वर्षांची सवय! पाचपर्यंत मोजायलाही सुरुवात केली होती, असं त्यांनीच मला सांगितलं. एक म्हणायच्या आत गाडी मागं. फळ्यांवरून खाली, थेट लोखंडी खांबावर. मागचा दिवा फुटला, डिकी चेपली. नशीब, मागं माणूस नव्हता.

डेस्मेट धावत आला. "अहो, गाडी चालवता येते का बैलगाडी? चढावर ब्रेक सोडतं का कुणी?"

"आमच्यात सोडतात," दाजी म्हणाले.

"तुमच्यात? तुमच्यात म्हणजे कुणात?"

दुसरा कुणी असता तर मान खाली घालून निघून गेला असता. दाजी गेले ते आपल्या लार्ककडे. ती फळ्यांपाशी आणली, दार उघडलं आणि डेस्मेटला म्हणाले, "बसा. तुम्हीच चालवा." डेस्मेट शिव्या देतच बसला. अर्ध्यावर थांबवली. दाजी खालून ओरडले, "क्लच दाबून ठेवा. आता ब्रेकवरचा पाय उचला!" डेस्मेट उचलेना. माणसाला जमतच नाही ते पहिल्यांदा, सगळं अंग नको म्हणतं. शेवटी उचलला. लार्क उभी. डेस्मेट खिडकीतून डोकं काढून मागं बघतोय, चाक बघतोय, दाजींना बघतोय. यार्डातली पोरं जवळ सरकली.

तो खाली उतरला. "भारी आहे," म्हणाला. "खोटं नाही बोलणार, भारी आहे. पण गापिन्स्की, मला या गाड्या चढवायच्या नाहीत. ज्या चढवायच्यात, त्यांना हे नाही. तुमचा पाय एक दिवस माझा एखादा माणूस मारेल."

खरंच होतं ते.

"पंधरा दिवसांनी या," डेस्मेट म्हणाला. "पायाला विसरायला लावा. जमलं तर काम तुमचं. पुन्हा एकदा जरी सुटला, तर माझ्यासमोर येऊ नका."

घरी आले ते थेट अंगणात. मी तिथंच होतो. सगळं सांगितलं आणि पाना घेऊन लार्कच्या खाली सरकले. मला वाटलं, काही बघतायत. मग कळलं, क्लचकडून होल्डरला जाणारी दांडी सोडवतायत.

"दाजी, काय करताय हे!"

"ही धरत राहिली तर पाय शिकायचा कसा?" गाडीखालून आवाज आला.

"पण चांगली चालतीय ती!"

"चांगली चालतीय म्हणूनच तर." मग फक्त पाना घासल्याचा आवाज. बाहेर आले तेव्हा हातात ती दांडी होती. रुमालानं पुसली आणि हातोड्याशेजारी फळीवर ठेवली. सांगतो तुम्हाला, कारखाना बंद झाला त्या दिवशीही मला एवढं वाईट वाटलं नव्हतं. त्या दिवशी दुसऱ्यांनी बंद केलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून तालीम. नदीकडून वर येणारा एक चढ आहे, तिथं सकाळी रहदारी नसते. दाजी चालवायला, शेजारी ताई हातात लाकडी चमचा घेऊन, मागं मी. मला का नेलं? मी मधेमधे "थांबा!" ओरडायचं, केव्हा ते सांगायचं नाही. मी ओरडलो की दाजी थांबायचे, क्लच दाबायचे, आणि तो मेला पाय उठायचा. गाडी मागं! ताई गुडघ्यावर चमचा हाणायची. फट्!

"अगं, लागतं ना!"

"लागू दे! उचलतोच कसा मेला!"

"मी उचलत नाही गं, तोच उठतो."

"जित्याची खोड," ताई म्हणायची, "मेल्याशिवाय जायची नाही."

"मग पंधरा दिवसांत मरायला हवं."

"मरा, पण आधी ब्रेक दाबा!"

हसून हसून माझं पोट दुखायचं. पण आरशात दाजींचे डोळे दिसायचे आणि मी खिडकीबाहेर बघायला लागायचो. पहिल्या दिवशी चाळीस वेळा थांबवलं, त्यात अडतीस वेळा पाय सुटला. चौथ्या दिवशी निम्म्यावर आलं. गुडघा निळा झाला. आठव्या दिवशी दाजींनी ताईला सांगितलं, उद्यापासून चमचा नको. ती म्हणाली, बघू. चमचा आणलाच, पण मारायची वेळ दोनदाच आली. बाराव्या दिवशी मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला, पाय एकदाही हलला नाही. ताई टाळ्या वाजवायला लागली. मीही वाजवल्या. दाजी पुढं बघत होते. म्हणाले, "कसा चिकटून बसलाय बघ. लाज नाही त्याला." कुणाला म्हणाले, पायाला की स्वतःला, ते मी विचारलं नाही.

पंधराव्या दिवशी मी बरोबर गेलो. डेस्मेट कसला चलाख. त्यानं साधं थांबवलं नाही. दाजी फळ्यांवर अर्ध्यात असताना थांबवलं आणि खिडकीशी येऊन गप्पा मारायला लागला. हवा काय, बेसबॉलमध्ये कोण जिंकलं, बायको काय करते. चार मिनिटं. माणसाचं लक्ष बोलण्यात गेलं की सवय जागी होते, हे त्याला बरोबर माहीत होतं. मी खाली उभा राहून देवाचं नाव घेत होतो, आणि मी देवाचं नाव कसा घेतो ते आमच्या पाद्रीबुवांना विचारा. दाजी एकेका प्रश्नाला नीट उत्तर देत होते. कपाळावरून घाम ओघळत होता. गाडी तसूभर हलली नाही.

"सोमवारपासून या," डेस्मेट म्हणाला आणि खिडकीतून हात आत घातला. दाजींनी एका हातानं तो धरला. पाय तिथंच.

त्यानंतर दाजींनी तिथं अकरा वर्षं काम केलं. हजारो गाड्या चढवल्या, एकीलाही ओरखडा नाही. नव्या पोरांना डेस्मेट त्यांच्याकडेच पाठवायचा, "त्या म्हाताऱ्याचा पाय बघा, मग मला तोंड दाखवा" म्हणून. त्या लोकांना ते नुसते पक्के ब्रेक दाबणारे गापिन्स्की म्हणून माहीत. आम्हाला माहीत होतं ते वेगळं. पण मला तुम्हाला सांगायचं आहे ते त्या पंधराव्या दिवसाचं दुपारचं.

आम्ही घरी आलो. ताईनं शेवयांचं चिकन सूप केलं होतं, वास रस्त्यापर्यंत येत होता. त्यांच्या घराच्या दारात गाडी उभी करायची जागा जराशी चढाची आहे. दाजींनी गाडी वर घेतली, थांबवली. मी उतरलो आणि दारातूनच ओरडलो, "ताई, मिळालं!" ताई हात पुसत धावत आली, मला मिठी मारली, रडली, हसली. मग म्हणाली, "अन् हे कुठायत?"

दाजी गाडीतच होते. इंजिन चालू. दोन्ही हात चाकावर. मला वाटलं, चक्करबिक्कर आली. जवळ गेलो तर डोळे उघडे, पुढं गॅरेजच्या दाराकडे बघत होते, आणि गालावरून पाणी वाहत होतं. उजवा पाय ब्रेकवर इतका गच्च, की मांडी थरथरत होती.

"दाजी, उतरा ना. झालं सगळं."

"उचलता येईना लुडविक," ते म्हणाले. "सत्तावीस वर्षं उचलला. काही न बघता उचलला. आता घरच्या दारातही भरवसा वाटेना."

ताईनं मला बाजूला केलं. पलीकडून दार उघडून आत बसली. चमच्यानं निळा केलेला तो गुडघा, त्यावर तिनं पिठाचा हात ठेवला. मग त्यांच्या पुढून वाकून दुसऱ्या हातानं त्यांच्या पलीकडच्या बाजूचा हँडब्रेक खेचला, होता नव्हता तेवढा जोर लावून.

"मी धरलीय," ती म्हणाली. "उचला."

दाजींनी तिच्याकडे बघितलं. मग हळूच पाय उचलला आणि हवेत धरला.

"मोजा," ताई म्हणाली.

दोघांनी मिळून पाचपर्यंत मोजलं. मी बाहेर उभा होतो, मीही मोजलं. मग दाजींनी इंजिन बंद केलं आणि आम्ही जेवायला आत गेलो.